वीस मुद्दे, चाळीस गुण

‘केलंस तेव्हा काय वाटलं?’ परिवीक्षा अधिकाऱ्याने असं विचारलं, की सोळा वर्षांचा पोरगा चपलेकडे बघत पुटपुटतो, ‘काही नाही.’ हा निगरगट्टपणा की भेदरलेपणा? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर, अ‍ॅडेल फोर्थ आणि डेव्हिड कॉसन यांच्या यादीत याचे गुण द्यावे लागतात. प्रौढ कैद्यांमधली सायकोपॅथी, म्हणजे सहवेदना आणि पश्चात्ताप नसलेला स्वभाव, जोखणाऱ्या हेअर यांच्या यादीची १२ ते १८ वयासाठीची ही आवृत्ती २००३ची. मुलाखत घ्यायची, जुने कागद चाळायचे आणि २० मुद्द्यांना शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे.

त्यातले काही मुद्दे बघा: सतत थरार हवा असणं, उतावळेपणा, बेजबाबदारपणा, पुढचा विचार नसणं. घरात दहावीतलं पोर असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. गुन्ह्यांत सापडणारी बहुतेक मुलं वय वाढलं की त्यातून बाहेर पडतात, हे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३मध्येच मांडलं होतं. यादी करणाऱ्यांनाही याची जाण होती. मोठ्यांना सायकोपॅथ ठरवण्यासाठी ४० पैकी ३० ही रेघ आहे. मुलांसाठी तशी रेघ त्यांनी आखलीच नाही. पण फाइलीत शिरलेला आकडा सहसा बाहेर पडत नाही. अधिकारी बदलतो, न्यायाधीश बदलतो, आकडा तिथेच.

मोजूच नये, असं मी म्हणणार नाही. खरोखर निष्ठुर मुलं असतात, त्यांच्या हातून माणसं मरतात. प्रश्न आहे मोजल्यावर काय करायचं हा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं मेंडोटा केंद्र १९९५पासून सुधारगृहांनी हात टेकलेल्या मुलांना घेतं. तिथे रोजच्या वागण्याला रोज गुण मिळतात आणि त्यावर लगेच सवलती. याच यादीत वरचे गुण पडलेल्या मुलांचा २००६मध्ये अभ्यास झाला. नेहमीच्या सुधारगृहातून सुटलेल्यांनी दोन वर्षांत पुन्हा हिंसक गुन्हा करण्याचं प्रमाण मेंडोटातून गेलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. ज्यांच्यावर उपाय नाही असं मानलं जायचं, ती ही मुलं.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ पुण्यात अल्पवयीन मुलाने केलेल्या पोर्शे गाडीच्या अपघाताच्या प्रकरणात गाजलं. सोळा ओलांडलेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज बाल न्याय मंडळ पाहतं आणि खटला प्रौढासारखा चालवायचा का, ते ठरवतं. कायदा सायकोपॅथी विचारत नाही. उद्या कुणी ही यादी मंडळापुढे आणलीच, तर तो कागद मुलाच्या वैयक्तिक देखभाल आराखड्याला जोडावा. खटल्याच्या निर्णयाला नव्हे.