पिन, साखळी आणि उतार
गळीत हंगाम लागला की कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून डुलत निघतात. सगळी ओढ हुकातल्या एका पिनवर. ती उसळून वर येऊ नये म्हणून खालच्या भोकात क्लिप हवी. तिथे बऱ्याचदा वाकवलेला खिळा नाहीतर तारेचा वेढा असतो. पिन निसटली तर ट्रॉली धरणारी साखळी? ‘आजवर कुठं सुटली?’ हे उत्तर तयार. उतारावर तर ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले की ट्रॅक्टर थांबू बघतो, मागचा ऊस ढकलतच राहतो आणि जोडी मधोमध मुडपते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना आमचा कोपरापासून नमस्कार! आणि मागचा रिफ्लेक्टर लोंबत्या उसाखाली झाकू नका.