मावळ्याला गणवेष कोणी चढवला?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या कष्टकरी वस्त्यांतून दगड, माती आणि गोणपाटाचे किल्ले उभे राहतात. कुर्ल्यातील नेहरूनगर, कामगारनगर, चुनाभट्टी या वसाहतीही त्याला अपवाद नाहीत. माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज, बुरुजावर तोफ आणि तटावर वीतभरही उंची नसलेले मावळे, हा त्या किल्ल्याचा ठरलेला सरंजाम. या मावळ्यांना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात चर्चेला घेण्याजोगा आहे काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. पोरांच्या खेळात राजकारण कशाला, हा त्यांचा आक्षेप. जातीयवाद्यांना असा प्रश्न कधीच पडत नाही. शाळेतल्या इतिहासाआधी मुलाच्या हाती खेळणे येते, आणि खेळण्याने शिकवलेला इतिहास पुसायला पुढे आयुष्य पुरत नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखले आहे.

कुंभाराच्या अंगणातला जुना मावळा हाताशी असेल त्या रंगाने रंगे. एकाचा अंगरखा पिवळा, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचे मुंडासे लाल. त्यात इतिहासाचा अभ्यास नव्हता, पण खोटेपणाही नव्हता. आता साच्यातून निघालेला मावळा पुष्कळदा नखशिखान्त भगवा असतो आणि समोर गनीम उभा करायचा तर तो हिरवा. व्यापाऱ्याला ही वाटणी सोयीची आहे. एकाच रंगात शंभर नग झटपट उरकतात आणि बारीक कुंचला चालवणाऱ्या बाईची मजुरी वाचते. बाजाराची काटकसर आणि जातीयवादाची शिकवण येथे एकमेकींच्या गळ्यात गळा घालतात.

यावर उपाय एकच. मावळा अचूक रंगवा!

खेळण्यातले शिपाई इतिहासाबरहुकूम रंगवण्याचा छंद युरोपात जुना आहे. लंडनच्या ब्रिटन कंपनीने 1893 पासून शिशाचे पोकळ शिपाई बाजारात आणले, आणि कोणत्या पलटणीच्या डगल्याची कॉलर कोणत्या रंगाची, याची काटेकोर चिकित्सा तेथील शौकीन करू लागले. समाजवादी विचारांचे लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 साली अशा शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध किती बरे, असे त्यात बजावले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. पण युरोपातील या चिकित्सेला आधार होता. तेथील राजसत्तांनी सतराव्या शतकात फौजांना एकसारखे कपडे चढवण्यास आरंभ केला होता. इंग्लंडच्या पार्लमेंटच्या नव्या फौजेने लाल डगला घातला तो 1645 साली.

मावळ्याला असा गणवेष नव्हता. सभासदाच्या बखरीत पायदळाची रचना तपशिलाने येते. नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी आणि सर्वांवर सरनोबत अशी ती उतरंड होती. घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर वेगळा आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार वेगळा. हुद्द्यांची ही शिस्त होती, पण सर्वांना एका रंगात बुडवणारा कपडा नव्हता. मावळा हा सह्याद्रीच्या खोऱ्यांतला गरीब शेतकरी होता. पावसाळ्यात औत धरणारे आणि दसऱ्यानंतर हत्यार धरणारे हात एकच होते. अंगावर जाडेभरडे कापड, डोक्यास मुंडासे, खांद्यावर घोंगडी. असा मावळा ज्याला अचूक रंगवायचा आहे, त्याला मातकट, धुरकट, विटके रंग कालवावे लागतील. त्या रंगांतून सैनिकाचा वर्ग दिसेल, आणि चकचकीत भगव्याखाली नेमका तोच झाकला जातो.

भगवा झेंडा होता की नाही, असा सवाल येथे हमखास केला जाईल. होता. झेंडा भगवा होता म्हणून अंगरखाही भगवा होता, हे मात्र कोणत्या शास्त्रात बसते? आणि शत्रू हिरवा, हा शोध तर त्याहून अजब. त्या काळी दख्खनच्या दरबारांत हिंदू सरदार आणि मुसलमान सरदार यांचा पेहराव जवळपास एकच होता. जाम्याचे बंद हिंदू डावीकडे बांधीत आणि मुसलमान उजवीकडे, एवढाच काय तो प्रघातातला भेद. पेहरावावरून धर्म ओळखणे किती कठीण, याचा दाखला महाराष्ट्राने स्वतःच देऊन ठेवला आहे. इब्राहीमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे चित्र येथे कित्येक वर्षे शिवाजीमहाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1930 च्या दशकात महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा ही चूक उघडकीस आली. दोन माणसांतला हा फरक जेथे जाणत्यांना उमगला नाही, तेथे खेळण्यांच्या दुकानदाराने भगव्या-हिरव्याची सीमारेषा आखून टाकली आहे!

आता लढाया घ्या. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेला प्रसंग मुलांच्या विशेष आवडीचा. तो अचूक मांडायचा तर अफजलखानाच्या बाजूला त्याचा वकील कृष्णाजी भास्कर उभा करावा लागेल आणि महाराजांच्या अंगरक्षकांत जिवा महालाच्या जोडीला सिद्दी इब्राहीम. 1665 चा पुरंदर मांडायचा तर दिलेरखानाबरोबर वेढ्याचा सूत्रधार म्हणून अंबरचा मिर्झा राजा जयसिंग आलाच. 1670 च्या सिंहगडावर तानाजीशी झुंजलेला किल्लेदार उदयभान हा राठोड रजपूत. स्वराज्याच्या पायदळाचा आरंभीचा सरनोबत नूरबेग आणि आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. या साऱ्यांना दोन रंगांच्या डब्यांत कसे कोंबणार? कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेत हीच वस्तुस्थिती साध्या भाषेत मांडली. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. ‘पोरांच्या खेळात राजकारण कशाला’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

रंगाचे हे राजकारण कागदावर राहत नाही. सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवरच्या अफजलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळाली, तेव्हा त्या आगीची झळ कुर्ल्यालाही बसली. ज्या कुर्ल्यात मराठी चाळकरी आणि मुसलमान कारागीर एकाच स्थानकावर गाडीची वाट पाहतात, तेथील मुलाला त्याच्या खेळण्यानेच शेजारी हा गनीम असल्याचे सांगावे, यापरते दुर्दैव कोणते? आणि तेही कोणाच्या नावाने? रयतेला लुटाल तर तिला मोगल बरे वाटतील, असे आपल्याच फौजेच्या अधिकाऱ्यांना 1673 च्या पत्रात खडसावणाऱ्या राजाच्या नावाने!

अचूकपणाचा आग्रह येथेही थांबू नये. मावळ्याचे कापड विणले कोणी? दख्खनच्या मागांवर साळी, कोष्टी आणि मोमीन बसत. ते रंगवणाऱ्यांत हिंदू रंगारी होते तसे मुसलमान रंगरेजही. कुर्ल्याला हे नाते परके नाही. जमशेटजी टाटांनी 1886 साली विकत घेतलेल्या येथील गिरणीची स्वदेशी मिल झाली, आणि कुर्ल्याच्या कित्येक पिढ्या सूत-कापडावर जगल्या. ती गिरणी 2000 साली बंद पडली आणि हक्काच्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. कापड निर्माण करणारा हात इतिहासातून पुसायचा आणि कापडाचा रंग तेवढा माणसांना झुंजवण्यासाठी ठेवायचा, हीच या राजकारणाची रीत आहे.

म्हणून येत्या दिवाळीत शाखाशाखांनी शिवरायांच्या नावाने नुसती व्याख्याने योजून भागणार नाही. कुर्ल्यातल्या प्रत्येक वसाहतीत मुलांना न रंगवलेले मातीचे मावळे, कुंचले आणि रंग द्यावेत. मावळे कुंभाराकडून वाजवी दामाने घ्यावेत, म्हणजे त्याच्या घरातील बाईच्या मजुरीचाही विचार होईल. पूर्व-पश्चिमेच्या, सर्व धर्मांच्या मुलांना एका चटईवर बसवून प्रत्येक शिपायाला नाव, गाव आणि धंदा द्यावा. हा नांगर सोडून आलेला कुणबी, हा न्हावी, हा रामोशी, हा महार, हा सिद्दी. मग ज्याचा त्याचा रंग ज्याने त्याने ठरवावा. एका रंगाची फौज उभी करणाऱ्यांना या चटईचे भय वाटेल. ते वाटलेच पाहिजे.