गोल्फमध्ये सवलत चालते, मग आरक्षण का खुपतं?

चांदवडच्या माणसाला गोल्फ म्हटलं की नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं. तिथे सभा होतात, क्रिकेट होतं. गोल्फ दिसत नाही. तरी या खेळातला हँडिकॅपचा नियम आपण समजून घ्यावा. कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सवलत मिळते, म्हणजे त्याला मुरलेल्याशी बरोबरीने लढता येतं. ही सवलत आनंदाने घेणारे किती जण आरक्षणाचं नाव निघताच ‘मेरिट’ची हाकाटी पिटतात!

आणि ही सवलतही सर्वांना नाही. आपल्याकडे अधिकृत हँडिकॅपचा रस्ता सहसा इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबच्या सदस्यत्वातून जातो. तिथे पैसा लागतो, ओळखही लागते. हँडिकॅप तर ५४ होलच्या खेळाच्या नोंदीवर ठरतो. त्याला क्लबचं कार्ड कशाला? इंग्लंडने २०२१ पासून वर्गणी भरणाऱ्या क्लबबाहेरच्या खेळाडूंनाही तो दिला. इथे कोलकात्यात मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ मध्ये इंडियन ओपन जिंकला. गुणवत्ता कुंपण बघून जन्मत नाही.

युनियनने क्लबबाहेरच्यांसाठी थेट नोंदणी खुली करावी. चांदवडमध्ये आज कुणाला गोल्फ खेळायचा नसेलही. पण देशाच्या नावाने चालणाऱ्या खेळाची नोंदवही खासगी दाराआड का?

जय भीम!