सिम लेकाच्या नावाचे, फोन आईचा

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमच्या ओळखीच्या एक मावशी राहतात. ठाण्याला तीन घरची कामे करतात. २०२५ च्या पावसाळ्यात एके सकाळी गाड्या रखडल्या. उशीर होणार हे कळवायला त्यांनी फोन लावला, तर लागेना. पैसे संपले असतील म्हणून स्टेशनाबाहेर येऊन रिचार्ज मारला. तरी लागेना. बाहेरून आलेला फोन मात्र वाजत होता. दोन दिवस मावशींनी फोनलाच दोष दिला. एका घरच्या बाईंनी त्या दिवसाचा खाडा धरला तो वेगळाच.

खरे कारण घरातच होते. मावशींचा मुलगा बी.कॉम. झालेला. नोकरी लागेना म्हणून घरातल्या पुढच्या खोलीत आठवी ते दहावीचा क्लास सुरू केला. मुलगा कष्टाळू आहे, शिकवतोही चांगले. जूनमध्ये प्रवेशाची वेळ आली तेव्हा कोणीतरी त्याला मोबाईलमधून एका दमात शेकडो मेसेज सोडणारे अ‍ॅप दिले आणि सोबत डोंबिवलीतल्या लोकांच्या नंबरांची एक यादी विकली. ती यादी आली कुठून, हे त्याने विचारले नाही. आपल्या साध्या दहा आकडी नंबरावरून त्याने क्लासची जाहिरात धाडली. लोकांनी तक्रारी केल्या आणि नंबर बंद झाला.

आम्ही त्याच्याबरोबर कंपनीच्या गॅलरीत गेलो तेव्हा उलगडा झाला. मावशींचे सिम मुलाच्या नावावर होते. नियम असा की, कारवाई एका नंबरावर होत नाही, तो ज्याच्या नावावर आहे त्या माणसावर होते. त्याच्या नावावरचे सगळे नंबर त्यात सापडतात. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर फोन आणि मेसेज जात नाहीत. पुन्हा तेच केले तर सगळ्या कंपन्यांची सर्व जोडणी एक वर्षासाठी तोडली जाते. मावशी विचारीत होत्या, “मी कुणाला काय मेसेज केला?” त्यांना काय सांगावे ते आम्हाला सुचेना.

हा कायदा काही काल-परवाचा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ पासून जाहिरातीच्या फोनांना लगाम घालायला सुरुवात केली. आजचे मुख्य नियम २०१८ सालचे आहेत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई होई. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. कंपनीला पूर्वी तीस दिवसांची मुदत होती, ती पाचवर आली. शेकडो अनोळखी लोकांना मेसेज गेल्यावर त्यातल्या पाच जणांना राग येणे काय अवघड?

मग गरिबाने धंद्याची जाहिरात करूच नये काय? जरूर करावी, पण वाट वेगळी आहे. पॅन कार्ड आणि व्यवसायाचा कागद घेऊन एखाद्या मोबाईल कंपनीकडे आपली नोंदणी करावी लागते. मग आपल्या नावाचे सहा अक्षरांचे शीर्षक मिळते. मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. तो मंजूर मजकुराशी जुळला नाही तर वाटेतच अडतो. (८ मार्च २०२१ रोजी ही जुळणी एकदम लागू केली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. मोठ्यांचीही अशी तारांबळ उडते!) व्यवसायाच्या कागदासाठी उद्यम नोंदणी आहे, ती सरकारकडे फुकट होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. मात्र वीस-तीस मुलांच्या क्लासला, पापड-मसाल्याच्या बचत गटाला किंवा शिलाईच्या दुकानाला एवढा खटाटोप परवडतो असे आम्हाला वाटत नाही. नाक्यावर फलक लावावा. आलेल्या पालकांकडून नंबर वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावा. “मेसेज मारून देतो” म्हणणाऱ्याला तुमच्या सिमवरून एकही मेसेज सोडू देऊ नये. पैसे त्याचे होतात, नंबर तुमचा जातो.

आता दुसरी बाजू. आपल्याही फोनवर कर्जाच्या, प्लॉटच्या जाहिराती येतातच. नोंदणी केलेल्याचा मेसेज शीर्षकावरून येतो. त्याच्या शेवटी इंग्रजी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात आली तर ती नियमाबाहेरची समजावी. १९०९ वर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. आपण “जाहिरात नको” अशी नोंद आधी केलेली नसली तरी अशा नंबराविरुद्ध तक्रार घेतली जाते. पूर्वी तीनच दिवस मिळत, कामाच्या रगाड्यात ते कधी निघून जात ते कळतही नसे.

पंधरा दिवसांनी मावशींचा फोन सुरू झाला. पण त्यांनी वाट पाहिली नव्हती. आधीच स्वतःचे आधार कार्ड घेऊन गेल्या आणि आपल्या नावावर नवे सिम काढून आल्या. ठाण्याच्या तिन्ही घरी तो नंबर त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिला.