मूळ संख्यांच्या रांगेतील अनपेक्षित कल

दिवाळे (नवी मुंबई) : बेलापूरलगतच्या दिवाळे गावात मासळी घेऊन मोबाइलवरून पैसे चुकते केले, तरी तो व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कूटलेखनाच्या मुळाशी अतिविशाल मूळ संख्या असतात. या संख्यांचा क्रम बेभरवशाचा मानला जातो. साहजिकच, त्या क्रमात काही नियमितता आढळली, तर पैशांच्या सुरक्षिततेचे काय, असा प्रश्न उभा राहतो.

अशी नियमितता मार्च २०१६ मध्ये उजेडात आली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे कण्णन सौंदरराजन आणि रॉबर्ट लेम्के ऑलिव्हर यांनी लागोपाठच्या मूळ संख्यांचे शेवटचे अंक तपासले. २ आणि ५ वगळता प्रत्येक मूळ संख्या १, ३, ७ किंवा ९ या अंकाने संपते आणि चौघांचा वाटा जवळपास सारखा असतो. असे असूनही पहिल्या १० कोटी मूळ संख्यांत १ ने संपणाऱ्या संख्येमागोमाग १ नेच संपणारी संख्या सुमारे १८.५ टक्के वेळाच आली. अपेक्षा २५ टक्क्यांची होती.

पुन्हा १ येण्यापूर्वी ३, ७ व ९ यांना संधी मिळते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. तेवढेच कारण असते, तर पहिली संधी मिळणारा ३ आघाडीवर असता. प्रत्यक्षात १ नंतर ३ आला ७४,२९,४३८ वेळा, तर ७ आला ७५,०४,६१२ वेळा. हा दशमान पद्धतीचा योगायोगही नव्हे. ३ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीतही पुनरावृत्ती अशीच टाळली जाते. हार्डी आणि लिटलवूड यांच्या १९२३ मधील अटकळीतून या कलाचा उलगडा होतो. मात्र ती अटकळ अद्याप सिद्ध झालेली नाही. संख्या वाढत जातात तसा हा कल ओसरतो, पण अत्यंत संथपणे.

कूटलेखनाला यामुळे धोका संभवत नाही. आरएसए पद्धतीतील मूळ संख्या शेकडो अंकी असतात आणि त्या लागोपाठच्या नव्हे, तर स्वैरपणे निवडलेल्या असतात.

धक्का बसला तो गृहीतकाला. ही मोजणी साध्या संगणकावरही शक्य होती. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर आयुष्यभर अंक न्याहाळत राहिले, तेव्हा अनेकांनी त्याला निव्वळ करमणूक मानले. शेवटच्या अंकांनी दिलेला हा धक्का पाहता, अशा निरीक्षणाला गौण लेखणे गणिताला परवडणारे नाही.