पत्र कुणाला लिहितेस गं?

परवा दुपारी ओट्याशीच वह्या तपासत बसले होते. शेजारच्या काकू डोकावल्या. "काय गं, माहेरी पत्रबित्र लिहितेस की काय?" गॅसवर दूध होतं, नुसती हसले. पण मनात ते राहिलंच.

आमच्या धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या देवळावर चालुक्यकाळातल्या सुरसुंदरी आहेत. शाळेतल्या मुलींना मी त्या दाखवायला नेते. जुन्या देवळांवरच्या अशा सुंदरींत कुणी आरशात बघते, कुणी नाचते, एखादीच्या हाती लेखणी असते. तिला ‘पत्रलेखा’ म्हणतात. आणि पत्र म्हटलं की ते प्रियकरालाच, असं मीही मुलींना बिनदिक्कत सांगत आले!

मग बीदर जिल्ह्यातल्या जलसंगीच्या देवळावरच्या मूर्तीचा फोटो पाहिला. हीही तशीच डौलदार, हात उचलून लिहिणारी. पण तिच्यापुढची अक्षरं खरीखुरी, वाचता येणारी आहेत. लिपी कानडी, आणि मजकूर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या स्तुतीचा. म्हणजे बाईसाहेब प्रेमपत्र नव्हे, शिलालेख लिहितायत!

सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात चित्रकार आपल्याकडे पाठ करून काम करतोय आणि समोर एक मुलगी डोक्यावर पानांचा मुकुट घालून उभी आहे. ती म्हणे इतिहासाची देवी. एका हातात कर्णा, दुसऱ्यात जाडजूड पुस्तक. पण लिहीत काही नाही, नुसती उभी! जलसंगीची त्याच्याआधी पाचेकशे वर्षांची, आणि कामाला लागलेली.

आता तिला घडवणारा बहुधा पुरुषच. बांधा रेखताना त्याने काही कसर ठेवलेली नाही, आणि राजाची स्तुती सुंदरीच्या हातून करवणं ही युक्तीही त्याचीच. तरी लेखणी धरलेला तो हात त्याने कुठंतरी पाहिला असेल ना? मला आपलं वाटतं, पाहिला असेल. घरी हे बोलून दाखवलं तर "तुझं आपलं काहीतरीच," एवढंच ऐकायला मिळालं.

काल वर्गात तोच फोटो दाखवला. या खेपेला मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "ही काय लिहितेय?"

मागच्या बाकावरची एक म्हणाली, "हजेरी, बाई."