भाद्रपद लागायच्या आत

वज्रेश्वरीकरांनो, अकलोली-गणेशपुरीच्या मंडळींनो, श्रावण चालू आहे. घरात कुत्रं असेल तर आजच त्याचा विचार करा. भाद्रपद तोंडावर आला आहे, आणि भाद्रपदात कुत्र्यांचं काय होतं हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. फाटकाबाहेर रात्रभर नर जमतात, भांडतात, एकमेकांचे कान फाडतात. घरातला शहाणा नरही साखळी तोडून पळतो आणि तीन-चार दिवसांनी लंगडत येतो. येतोच असंही नाही.

पुढचा हिशेब करून बघा. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते. भाद्रपदात लागली की कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत पिल्लं. चार, सहा, कधी आठ. दोन महिने पोरंबाळं त्यांना अंगाखांद्यावर खेळवतात. मग पिल्लं दूध सोडतात आणि घरात कुजबुज सुरू होते. दोघांना घर मिळतं. बाकीच्यांचं काय? कुणीतरी म्हणतं, वज्रेश्वरीच्या देवळाशी सोडू, भाविक बिस्किटं घालतील, देवी बघेल.

असं करू नका. भाविक दर्शन घेऊन घरी जातात. चैत्र अमावास्येच्या यात्रेपर्यंत हीच पिल्लं अर्धवट वाढलेली, उपाशी आणि बिनलसीची होऊन गर्दीच्या पायांत फिरतात. लहान मूल बिस्किटाचा पुडा हातात धरून पायऱ्या उतरत असतं. त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून मुलांना चावा बसतो तो बरेचदा चेहऱ्यावर, मानेवर. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज नाही. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात वस्तीजवळ मोकाट कुत्री वाढली की तुंगारेश्वरच्या जंगलातल्या बिबट्यालाही आयतं भक्ष्य मिळतं. तो आपल्या अंगणापर्यंत यावा असं तुम्हाला वाटतं का?

हे सगळं तुम्ही थांबवू शकता. आपल्या कुत्र्याची नसबंदी करून घ्या. नर असो वा मादी, करून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीच्या मागे लागू, लागलंच पाहिजे. पण पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतही लसीची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

‘एकदा तरी तिला आई होऊ दे,’ असं आजी म्हणते. तिची माया खरी आहे. तिला समजावून सांगा की एकदा विण्यानं कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. उलट नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू होऊ शकतो. ती पाणी पीत राहते, खाणं सोडते, मागून घाण स्राव येतो, आणि मग जीव वाचवायला तेच ऑपरेशन आजारी अंगावर करावं लागतं. लवकर नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. माज थांबवायची इंजेक्शनं मात्र स्वस्त पडतात म्हणून देऊ नका. त्यांनीही गर्भाशयात पू होऊ शकतो. आणि ‘आमचा नर आहे, आम्हाला काय?’ असं म्हणू नका. समोरच्या घरातली पिल्लं त्याचीही असतात.

नसबंदीनंतर काहींचं वजन वाढतं, काही माद्यांना पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो. हे लपवण्यासारखं नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याला डॉक्टर जरा वाढू द्या म्हणतील, म्हाताऱ्या कुत्र्याचं आधी रक्त तपासतील. त्यांचं ऐका. तोवर कुत्रं बांधून ठेवा, एकटं बाहेर सोडू नका. पण ‘बघू पुढे’ म्हणू नका. एकदा माज सुरू झाला की डॉक्टर बहुधा काही आठवडे थांबायला सांगतात. तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं.

म्हणून आज रात्री जेवताना घरात विषय काढा. उद्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे सोय नसेल तर भिवंडी-ठाण्याला चौकशी करा, मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयातही करा. ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या आणि तेवढं पाळा. मुलांनाही बजावा, नाहीतर कुणीतरी मायेनं पोळीचा तुकडा टाकतंच. घरी आणल्यावर गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढू नका. ती दाराच्या चौकटीला धडकेल, कुत्रं केविलवाणं बघेल, तरी काढू नका, नाहीतर ते टाके चाटून उघडेल. दहा ते चौदा दिवस जिना नको, अंघोळ नको, पळापळ नको. रेबीजची लस राहिली असेल तर ती कधी द्यायची तेही त्याच वेळी ठरवून घ्या.

गाडी नसेल तर शेजाऱ्याला विचारा. त्याच्याकडेही कुत्रं असेल, तर दोन्ही एकाच टेम्पोतून न्या. कुणाला खर्च झेपत नसेल तर आळीनं मिळून भार उचला. गणपती बसायच्या आत हे काम उरका.